एक बोट उघडं झाकण

प्रिय डावरे,

हे नाव तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण तू डाव्या हाताने भिंतीवर रेघोट्या ओढायचीस तेव्हापासून माझ्या तोंडात तेच बसलंय, आणि वर्षभर ही हाक मारायला मिळाली नाही म्हणून निदान कागदावर मारून घेते. पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, त्याच्या जोडीला तेही कुरकुरतात, आणि मी अजून कारखान्यात चेकिंगच्या टेबलाशी उभी राहून दिवसभर शर्टांतली खोट काढते. घरी आल्यावर माणसांतली काढते, असं तू म्हणायचीस. म्हण बापडी. आज मी तेच करणार आहे, तेव्हा नीट बसून वाच.

तू दोन पिशव्या भरून निघून गेलीस आणि तुझ्या त्या काचेच्या टाक्या मांडणीवर तशाच राहिल्या. मला वाटलं होतं, आठवड्याभरात सगळं सुकून जाईल. खरं सांगू, मी वाटच बघत होते. मला त्या टाक्यांचा राग होता. पाण्यातली झाडं पाण्याबाहेर वाढवायची, मुळं चिखलात, पानं दमट हवेत, वर झाकण, आतून सगळं घामेजलेलं. मी म्हणायचे, झाडं आहेत की आजारी माणसं! आणि तू चमचा हलवत समजावून सांगायचीस की अशी वाढवली की ती लवकर फोफावतात, शेवाळ धरत नाहीत, गोगलगायी लागत नाहीत, आणि मग लोकांना हवी तेव्हा माशांच्या टाकीत पाण्याखाली लावता येतात. मी हो हो म्हणायचे. लक्ष नाही असं तुला वाटायचं, पण मी सगळं ऐकत होते. ते पुढे कामी आलं.

तर टाक्या सुकल्या नाहीत. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अगं, ज्या माणसाने निवडुंग मारून दाखवला, ज्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्या तुझ्या बाबांच्या हाताखाली ही नाजूक झाडं माजल्यासारखी वाढायला लागली. मी विचारलं, तर म्हणाले, "फवारा मारतो गं सकाळ-संध्याकाळ, त्यात काय एवढं." आयुष्यभर बस चालवलेला माणूस आहे, चेहरा सरळ ठेवून समोर बघत राहायची सवय आहे त्यांना. ताकास तूर लागू देईनात. पण मी त्यांच्याशी संसार केलाय. खोटं बोलताना ते कान खाजवतात. त्या दिवशी कान लाल होईपर्यंत खाजवला.

मग टाक्यांमधले रोपांचे ट्रे नाहीसे व्हायला लागले. सोमवारी मांडणी गच्च भरलेली असायची, आणि बुधवारी संध्याकाळी मी कामावरून येऊन बघावं तर मधला कप्पा रिकामा, नाहीतर तिथे कोवळी नवी लावण. "ती जुनी कुठे गेली?" तर म्हणे, "वितळली. फेकून दिली." आता वितळतात ती पाण्यात बुडवल्यावर, हे तूच मला सांगितलंस ना? हवेत वाढलेली पानं पाण्यात गेली की जुनी वितळून जातात आणि खालून नवी, वेगळीच पानं फुटतात. आपल्या घरात तर पाण्याने भरलेली एकही टाकी नाही. इथे झाड कुजेल, सुकेल, बुरशी धरेल, पण वितळणार कसं? कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला ते सापडेपर्यंत मूग गिळून बसायचं होतं.

त्यात समोरच्या काकूंनी तेल ओतलं. जिन्यात गाठून, आवाज खाली करून म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारची कुणी बाई येते हो, टोपी घातलेली, तोंडाला मास्क, हातात बादली. मला काय करायचंय म्हणा, पण म्हटलं सांगावं." त्यांना काय करायचंय ते सगळ्या मजल्याला माहीत आहे, पण बातमी खोटी नसते त्यांची. मी हसून म्हटलं, साफसफाईला येते. आणि घरात शिरले ती थेट स्वयंपाकघरात. ओट्यावर दोन कप, धुऊन, फडक्यावर पालथे घातलेले. तुझ्या बाबांनी आजवर एक कप धुतलेला मी बघितला नाही, त्यांनी दोन धुतले! एवढ्या वर्षांत माझ्या मनात त्यांच्याबद्दल तसलं काही आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. जेवताना मी त्यांच्याकडे बघत राहिले, तर म्हणाले, "मीठ कमी आहे का?" हसू नकोस. मी खरंच ताट तसंच ठेवून उठले.

आता थोडं मागचं, कारण त्याशिवाय तुला माझी तगमग कळायची नाही. मला फसवलं जाण्याची भीती वाटते, आणि ती तू घालून ठेवली आहेस. तू औषधांच्या दुकानातली नोकरी सोडलीस आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी पांढरा कोट घडी करून पिशवीत घालून, डबा घेऊन घराबाहेर पडत राहिलीस. जायचीस मात्र माशांच्या दुकानामागच्या त्या ओलसर खोलीत, झाडं लावायला. मी बाबांच्या गुडघ्याचं मलम आणायला गेले आणि औषधवाला मलाच विचारतो, "ताई बऱ्या आहेत ना? फार दिवसांत आल्या नाहीत." सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मी तशीच मलम न घेता परत आले. संध्याकाळी जे बोलले ते तू विसरली नसशील. खोटं घेऊन या घरात राहता येणार नाही, हे मी आजही म्हणेन. नोकरी सोडल्याचं मला दुःख नव्हतं. तो डबा मी रोज भरून देत होते, याचं होतं. तू पिशव्या भरल्यास आणि गेलीस. नंतर मी त्या दुकानात जाऊन आले, हे बाबांनाही माहीत नाही. दुकानदार म्हणाला, आता ती स्वतःचं बघते, पत्ता ठाऊक नाही. तोही कान खाजवत होता. त्यालाही पढवलेलं असणार.

असो. एका बुधवारी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी कुणाला न कळवता घरी आले. मनाची सगळी तयारी केली होती, काय बोलायचं तेसुद्धा जुळवलं होतं. दार उघडलं तर बाबा खुर्चीत घोरत होते, एकटेच. ओट्यावर दोन कप, अजून ओले. मी तुझ्या खोलीत गेले. झाकणांवर वाफ होती आणि मधल्या कप्प्यात नवी लावण, नुकतीच केलेली. मी सवयीने वाकून बघितलं. आमच्याकडे शर्ट हातात आला की शिवण बघून मी सांगते, ही कोणत्या मशीनवरच्या बाईची आहे. प्रत्येकीचा हात वेगळा, टाका संपवायची तऱ्हा वेगळी. इथे छाटांची, म्हणजे कापून खोचलेल्या देठांची, ओळ होती, एकीपासून दुसरी बरोबर बोटभर लांब, आणि प्रत्येक छाट डावीकडे झुकलेली. उजव्या हातात चिमटा धरून लावणाऱ्याची रोपं उजवीकडे कलतात. पुढे उजेडाकडे बघून ती सरळ होतात, पण त्याला काही दिवस लागतात. ही अजून सगळी डावीकडेच कलली होती. मी तिथे जमिनीवर बसले आणि तोंडात पदराचं टोक, हाताला लागलं ते फडकं, जे मिळालं ते कोंबून रडले. तू अर्ध्या तासापूर्वी या खोलीत होतीस आणि मी बाहेर बसच्या रांगेत उभी राहून दुसऱ्याच कुणा बाईला शिव्या देत होते.

तरी माझा स्वभाव माझ्याबरोबरच मसणात जाणार. संध्याकाळी मी खात्री करून घेतली. बाबांपुढे सुई-दोरा धरला, म्हटलं, डोळे दुखताहेत माझे, एवढं ओवून द्या. जाडजूड बोटं त्यांची, सुई तीनदा खाली पाडली, दोरा चोखून चोखून ओला केला, शेवटी म्हणाले, "उद्या ओवू." बोटभर अंतरावर छाटा लावणारा हा हात नव्हे, हे पक्कं झालं. मी सुई परत डबीत ठेवली. त्यांना वाटतं त्यांनी माझ्या डोळ्यांत धूळ फेकली आहे, आणि ते त्या आनंदात बरे दिसतात.

छाटांची टोकं मात्र मला खटकली होती. चेंगरलेली, काळी पडलेली. तुझी कात्री बोथट झाली आहे. म्हणून पुढच्या बुधवारी कामावर जाताना मी माझी धागे कापायची छोटी कात्री झाकणावर ठेवली, विसरल्यासारखी. संध्याकाळी ती तिथेच होती, पण पुसलेली आणि तिची मूठ डावीकडे वळलेली. मी काय खूश झाले म्हणून सांगू! पुढचे काही बुधवार आपलं असंच चाललं. मी ठेवायचे, तू वापरायचीस, आणि मधे बसलेल्या बाबांना दोन्हीकडचा पत्ता नाही. मग मला हाव सुटली. तुझा तो मोठा निळा कप, कान तुटलेला, मी रागाने वरच्या कपाटात टाकला होता. तो काढला, घासला आणि ओट्यावर ठेवून गेले. कात्री विसरली असं म्हणता येतं. कप काही आपण होऊन कपाटातून उतरत नाही.

त्या दिवसापासून तू आली नाहीस. कप जसाच्या तसा कोरडा राहिला. तुला वाटलं असणार, आईने सापळा लावला, आता दाराआडून निघेल आणि रंगेहाथ पकडेल. तुझी चूक नाही. माझीच मुलगी तू, संशय दुधातून आला असणार. तेव्हापासून घराची रया गेली आहे. बाबांनी स्वतः छाटा लावून बघितल्या, निम्म्या उलट्या लावल्या. एकदा हवा लागू दे म्हणून झाकण सताड उघडं ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत पानं कागदासारखी चुरचुरली. आता सकाळी ते दाढी करायला गेले की मी गुपचूप फवारा मारते. त्यांना वाटतं त्यांचाच हात बसला. परवा त्या तपकिरी लांबट पानांच्या रोपातून बुडाशी काहीतरी पिळवटलेली नळी वर आली, किरमिजी रंगाची. ते कूज म्हणून उपटायला निघाले. मी हात धरला, म्हटलं राहू द्या, फूल असेल. पाण्यात असताना ते झाड फुलत नाही, बाहेर आलं तरच फुलतं, आणि तू त्याची वाट बघत होतीस, हे मला आठवत होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! आता घरात संशय घ्यायची पाळी त्यांची आहे.

हे पत्र लिहायचं कारण काल घडलं. जेवण झाल्यावर बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "टाक्या देऊन टाकू कुणाला तरी. खोली मोकळी होईल, तुला हव्याच होत्या ना जायला." कान खाजवला नाही. म्हणजे मनापासून बोलले. टाक्या गेल्या की तुला या घरात यायचं एकही निमित्त उरणार नाही, आणि ते मला सोसायचं नाही, डावरे. मी म्हटलं, एकही टाकी हलणार नाही. तू येईनाशी झाल्यापासून ते दर रविवारी एकेक ट्रे लपवून तुला पोचवतात, हे मी ओळखलंय. उद्या रविवारी ते फुलाचं झाड सोडून उरलेले दोन ट्रे पिशवीत घालून, 'पाय मोकळे करून येतो' म्हणत तुझ्याकडे येतील, त्या गुडघ्याने बसच्या पायऱ्या चढत. हे पत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून खालच्या ट्रेखाली ठेवलंय. त्यांना काही बोलू नकोस, मला फसवल्याचं त्यांचं सुख हिरावून घ्यायचं नाही. बुधवारी मी रजा टाकली आहे. मी स्वयंपाकघरात असेन, तू तुझ्या किल्लीने दार उघड आणि थेट खोलीत जा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी बाहेर यायची नाही. फूल फार दिवस टिकेल असं वाटत नाही. बंद टाकीतलं झाड एकदम खोलीच्या हवेत आणलं तर मरतं, झाकण रोज एकेक बोट सरकवायचं असतं, हे तूच शिकवलं होतंस. फुलाच्या टाकीचं झाकण मी आज सकाळी एक बोट सरकवलंय. कप ओट्यावरच आहे.

वाट बघणारी, तुझीच,
आई