डॉइल टॅकेटची एकुलती रेकॉर्ड

३ मार्च १९७९

पुन्हा हात हलवत परत! मेम्फिसहून जॅक्सनपर्यंत गाडी हाकली, मिस लर्लीनच्या ओसरीवर अर्धा दिवस बसलो, पीचची गोड पाई दोनदा वाढून घेतली — पण बाई हलायला तयार नाही. "भावाची आहे रे हार्लन. विकायची नाही."

भाऊ म्हणजे डॉइल टॅकेट. छप्पन्न साली एकच रेकॉर्ड काढली, पुढच्या वर्षी अपघातात गेला. प्रती खपल्या नाहीत म्हणून कंपनीनं उरलेल्या वितळवल्या. मी केस पिकेपर्यंत ती शोधतोय, आणि इथे ती टीव्हीवर पडलेली. पाकीटसुद्धा नाही! वर कुंडी!!

१० मार्च

आज वाजवून दाखवली. सुई उडू नये म्हणून दांडीवर नाणं ठेवते! माझा जीव खालीवर. तरी डॉइल जिथे किंचाळतो, नेमकी तिथेच अडकते. "मला मेलीला तेवढंच तर ऐकायचं असतं," म्हणाली.

११ मार्च

बायको म्हणते, "त्या म्हातारीशीच लग्न कर. रेकॉर्ड आपोआप घरात येईल." जोएटाला सगळ्याची थट्टा सुचते. चिडून जेवलोच नाही.

१७ मार्च

दिली! विकत नव्हे, दुरुस्तीला. घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

१८ मार्च

खाचेत काहीतरी गोड सांडून वाळलं होतं. कोमट पाणी, मऊ ब्रश. डॉइल सलग किंचाळला! जोएटासुद्धा स्वयंपाकघरातून धावत आली.

मग लेबल. त्यावर निळ्या बॉलपेनानं 'लर्लीन'. तेव्हाची पोरं पार्टीला रेकॉर्डी न्यायची, अदलाबदल नको म्हणून नावं टाकायची. आम्हा गोळा करणाऱ्यांना असलं नाव दिसलं की ते पुसायला हात शिवशिवतात. शाई काढायचं औषध, कापसाचा बोळा, थेंब थेंब. दुपारभर बसलो. कागदाचा धागा उचकटला नाही! इतकी कोरी बघून तरी तिचं मन वळेल.

२४ मार्च

रेकॉर्ड परत नेऊन दिली, पण तिनं ती वाजवलीच नाही. लेबलवरून अंगठा फिरवत राहिली.

"माझं नाव कुठे गेलं?"

"साफ केलं!" मी ऐटीत सांगितलं.

"डॉइलनं लिहिलं होतं ते. मला देताना. त्याच्या हातचं तेवढंच होतं रे माझ्याकडे."

आणि मी काय म्हणालो? "पुन्हा लिहून देऊ का?" गाढव! जीभ झडली कशी नाही माझी. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

३१ मार्च

माफी मागायला गेलो. तिनं आत बोलावलं नाही. दारातच रेकॉर्ड माझ्या हातात दिली.

"ने. पैसे नकोत. आता ही कुणाचीही आहे."