चढाईआधीचे श्वास

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आपल्या संघातल्या सगळ्या जणी रडल्या म्हणे. मी त्या दिवशी पोटभर जेवले. आज इतक्या वर्षांनी तुमच्याशी भांडायला बसलेय, कारण तुम्ही होतात तोवर तुमच्यापुढे माझा आवाज कधी टिकलाच नाही.

नव्वदच्या दशकातलं आपल्या मेढ्याच्या शाळेचं मैदान आठवतं, आणि कबड्डीचा तुमचा तो लाडका मंत्र: चढाईला जाण्याआधी लोहाराच्या भात्यासारखे भराभर श्वास घ्यायचे, म्हणजे दम लांबतो. आई एकदा मला न्यायला आली होती. म्हणाली, "आवं सर, पोरीला दमा हाय. लय दमवू नका तिला." तुम्ही हसलात. "मावशी, मैदानावर आलं की दमा पळतो." मुली हसल्या. आईही हसली, बिचारी, कारण सर हसले होते.

मग फलटणला झालेला जिल्हा स्पर्धेचा सामना. शेवटची चढाई माझी. मी रेषेपाशी उभी राहून तुम्ही शिकवलेले श्वास घेते, पलीकडे जाते, दोघींना शिवते, वळते, आणि घसा मिटतो. छाती नाही, घसा. 'कबड्डी'तला 'क'सुद्धा फुटत नाही, नुसती शिट्टीसारखी घरघर. रेषा हातभर राहिलेली असताना पंचांनी मला बाद दिलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "दम्यानं आवाज जात न्हाई गं. भ्यालं की जातो. भागूबाई हायस तू!" परतताना एसटीत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. पुढच्या वर्षी मी संघात नव्हते.

आता मी सांगलीत असते. धाप लागली की आवाज अजूनही जातो, म्हणून परवा विश्रामबागेतल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि भराभर श्वास घ्यायला लावले. पडद्यावर माझ्याच स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. श्वास आत घेताना त्या उघडायला हव्यात. माझ्या जवळजवळ मिटल्या. दम्याच्या काही माणसांत असं होतं, डॉक्टर म्हणाले, भराभर श्वास घेतला की घसाच आवळतो आणि आवाज अडतो. म्हणजे तुमचाच मंत्र, सर. माझा गळा तुम्ही आवळलात आणि वर भित्री मीच. तुमचा मला राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. फक्त एक सांगते. तपासणीआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, आवाज नेमका कशाने जातो तुमचा? मी हसून म्हणाले, "काही नाही हो डॉक्टर, मी मुळात जरा भित्री आहे."