समोरच्या बर्थवरचा देवव्रत

गोदावरी,

मी पोलादपूरला ताईकडे जातोय, संध्याकाळी येईन. दूध तापवून ठेवलंय. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

परवा रात्री गाडीत तुझे गुडघे दुखतात म्हणून मीच तुला खालचा बर्थ दिला आणि वर चढलो. समोर नेमका तुझा कॉलेजातला देवव्रत निघाला. "हे झोपले वाटतं," असं म्हणालीस आणि आपलं स्टेशन येईपर्यंत दोघं खिदळत बसलात. मी टक्क जागा होतो. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विनोदावर तू तशी हसली नाहीस.

त्याला रविवारी जेवायला बोलावलंस, तेही ऐकलं. येऊ दे. श्रीखंड मीच आणीन. फक्त जेवताना तू माझ्याशेजारी बस.

यज्ञेश्वर