मामांची खुर्ची

मु. पुझी, जि. चिआयी

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या बहिणीचा, सिउग्योकचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला, की अजून डॉक्टरांवर चिडूनच भागवता? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाही.

आमच्या पेइ-शानचं लग्न तिच्या मैत्रिणीशी, रुओ-लानशी, ठरल्याचं कळताच तुम्ही घरच्या ग्रुपवर तो लांबलचक निषेध लिहिलात (मी वाचता वाचता सोयाबीनचं दूध उतू जाऊ दिलं), आणि तुमच्या मेहुण्यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढलं. मी परत घेतलं. यांनी परत काढलं. मी पुन्हा घेतलं, तर तुम्ही आपणहून निघून गेलात. यांचं मला काही कळेनासं झालंय. मतदानाच्या वेळी, अख्खं तैवान याच विषयावर भांडत होतं तेव्हा, देवळापुढे तुमच्या शेजारी उभं राहून अशा लग्नांविरुद्ध पत्रकं कोणी वाटली? यांनीच. आता लेकीसाठी मत बदललं, चांगलंच झालं. पण कालपर्यंत स्वतः जे म्हणत होते ते दुसऱ्या कोणी म्हटलं की हे अंगावर धावून जातात. भाजीवालीने नुसतं नातवंडांचं विचारलं, तेव्हापासून आम्ही कोबी लांबच्या बाजारातून आणतो (आणि तो किडका निघतो).

पेइ-शान म्हणते, "बाबा, मामाला बोलू दे की. माझ्या लग्नात जेवायचं तर माझ्याच बाजूने बोलायचं, ही कसली अट?" यावर हे म्हणाले, "मग मांडव त्याच्याच दारात घाल." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. दोघं एकाच टेबलाशी बसतात आणि सोया सॉसची बाटली मी इकडून तिकडे करते.

काल आचारी आ-क्योंग आला. त्याला एकच माहिती हवी होती, मुख्य टेबलावर मामा कोणाचे बसणार? मामा बसल्याशिवाय पहिलं ताट निघत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माझ्या लग्नात आपले मामा रुसले, तर सूप किती वेळा गरम केलं होतं आठवतंय ना? रुओ-लानचे मामा आनंदाने तयार आहेत (जरा जास्तच आनंदाने. समतेवर बोलायला लागले की आवरत नाहीत). म्हटलं, त्यांनाच मान देऊन मोकळं होऊ. तर दोघी नवऱ्या मुली एका सुरात म्हणाल्या, मान सारखाच हवा. म्हणून दोन मुख्य टेबलं, दोन मासे, दोन मामा. एक जरी खुर्ची रिकामी राहिली तरी कोणी जेवणार नाही. यांनी तर पतसंस्थेतल्या एका मित्राला तुमच्या जागी बसवायचं ठरवलंय. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, दादा.

तुमची,
सिउग्योक

ता. क. मत बदलू नका. नुसते येऊन बसा. बोलायचंच असेल तर माइकवर बोला, यांना मी धरून ठेवते.

ता. क. थोडक्यात बोला. मासा गार होतो.

ता. क. एवढं वाचून हा कागद फाडून टाका. मलाही हे लग्न अजून पटलेलं नाही. पोर माझी आहे, तिच्यासाठी मी शेवटपर्यंत हसत उभी राहीन आणि कोणाला काही कळू देणार नाही. पण तुम्ही आला नाहीत, तर त्या सगळ्या मांडवात असं वाटणारी मी एकटीच असेन.