सहावी खुर्ची आणि न संपणारा पाव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? (आजची गोळी घेतली नसलीस तर आधी घे, मग पुढे वाच.) इकडे सगळं ठीक. अण्णांना रविवारी ऐंशी पूर्ण झाली. तुझी भावजय बरी आहे, दोन्ही पोरं होती तशीच वांड आहेत, आणि मी मात्र चार दिवस झाले, पाव दिसला की तोंड फिरवतो. ते का, हे सांगायलाच बसलोय.

यंदाचा वाढदिवस घरी नको, असं अण्णांनी महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. आपल्या दुकानापलीकडच्या चौकात नवं इटालियन हॉटेल उघडलंय, तिथे सगळ्यांनी जेवायचं. 'सगळ्यांनी' म्हणजे तूसुद्धा, हे त्यांनी मला दोनदा बजावलं, आणि तुला मीच कळवायचं हेही. मी मान डोलावली. ताई, आता रागावू नकोस. फोन मी तीनदा उचलला, आणि तिन्ही वेळा तो सूपचा दिवस डोळ्यांसमोर आला. तुझ्या सासरच्या मंडळींदेखत मी तुझ्या सूपला 'गरम पाणी' म्हणालो, तू पातेल्यावर झाकण ठेवलंस, आणि त्याला आता दोन वर्षं होतील, ना तू आमच्या घरी जेवलीस ना आम्ही तुझ्या. माझा धीर झाला नाही. अण्णांनी विचारलं तेव्हा 'कळवलंय, येतेय' असं मी सरळ ठोकून दिलं. (बायकोलाही खरं सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.)

तर ते हॉटेल. ताई, काय सांगू तुला! मी दारातच थबकलो. खुर्च्या-सोफे मढवण्यात माझा जन्म गेला, पण अशा खुर्च्या मी पाहिल्या नव्हत्या. सहा जणांच्या गोल टेबलाशी बसवल्याबरोबर मी रुमाल मुद्दाम खाली पाडला आणि वाकून बैठकीची खालची बाजू पाहिली. दुहेरी शिवण, कोपऱ्यात चुणी बसवलेली, पिना एका ओळीत! शेजारची पाहिली, तीही तशीच. वाढायला होत्या त्या बाई (तुझ्याच वयाच्या, कमरेला काळा एप्रन) सांगत होत्या, त्यांची अशी चाळीस हॉटेलं आहेत आणि सगळीकडे याच खुर्च्या, हेच दिवे, हीच चव. आपल्या दुकानात एका सेटमधल्या दोन खुर्च्या सख्ख्या बहिणी वाटत नाहीत, आणि इथे चाळीस गावांत एक टाका इकडचा तिकडे नाही. मी आदराने जरा वेळ टेबलाखालीच राहिलो. शेवटी बायकोने पायाने ढोसलं तेव्हा वर आलो. ती कार्डावरचे भाव वाचून खूश होती, आम्हाला परवडतील असे होते.

बाईंनी काय आणू म्हणून विचारलं. अण्णांनी सहाव्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "माझी लेक यायचीय. ती आल्याशिवाय काही मागवायचं नाही." बाईंच्या कपाळावर एक आठी नाही! सावकाश होऊ द्या म्हणाल्या, मधोमध लांबट, लोण्याने चकाकणाऱ्या पावांची टोपली ठेवली (पाव हवा तेवढा, त्याचे वेगळे पैसे नाहीत), आणि मुलांना चित्र काढायला कागद न् रंगीत खडू दिले. अण्णांनीही हात पुढे केला. त्यांनाही मिळाले.

इथून घोळ सुरू झाला. आपल्या घरचा कायदा तुला ठाऊक आहे: समोर आलेलं संपवायचं, टाकायचं नाही. त्यांचा कायदा असा, की टोपली रिकामी दिसली की भरायची. आम्ही संपवतोय, त्या भरतायत. दोन टोपल्यांनंतर मुलं फितूर झाली, चौथीला बायकोने हात टेकले. मग अण्णा चित्रातून मान वर न करता मला म्हणायचे, "संपव रे. टाकू नये." दार वाजलं की ते वर बघायचे, मग माझ्याकडे. "वाटेत असेल ना?" मी "असेल" म्हणायचो आणि नवा पाव तोंडात कोंबायचो. तोंड भरलेलं असलं की पुढचं खोटं बोलावं लागत नाही. सात टोपल्या झाल्या, ताई. पण बाईंचं हसू पहिल्या टोपलीला होतं तेवढंच सातव्या टोपलीला! मी मनातल्या मनात हात जोडले.

वाट बघताय तर निदान हे घ्या म्हणून त्यांनी सूप आणलं. मी एक चमचा घेतला आणि वाटीत वाकून पाहिलं. ताई, ते तुझं सूप होतं. तेच पातळ, तेच गाजराचे बारीक तुकडे, तोच शेवटी घशाशी येणारा मिरीचा चटका. पांढऱ्या टोप्या घातलेले एवढे स्वयंपाकी, चाळीस स्वयंपाकघरं, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून जे गाठलं ते तू दोन बर्नरच्या शेगडीवर एकटीने करत होतीस, आणि मी त्याला पाणी म्हणालो! बायको म्हणाली, "हे तर ताईंच्या हातचं." मी तीन वाट्या प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं ते मिरीमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

सव्वातीनला अण्णांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, मागवा आता. पास्ता आला. बाई त्यावर चीज किसायला लागल्या, पुरे झालं की सांगा म्हणाल्या. आता वाढणाऱ्याचा हात आपण कधी अडवलाय का? आम्ही पाचही जण विनयाने बसून राहिलो. अण्णांचा पास्ता दिसेनासा झाला. बाईंनी हात बदलला, पण थांबल्या नाहीत! शेवटी मागच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनाच राहवलं नाही, त्यांनी आमच्या वतीने 'पुरे' म्हटलं.

निघताना अण्णांनी त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना सांगितलं, येत्या रविवारी एक वाजता, हेच टेबल, सहा जण. बाईंनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. मला तिथे फार वाईट वाटलं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : ते गरम पाणी नव्हतं. मी गाढव होतो. रविवारी ये. आणि एवढं एक कर, माझा निरोप तुला वेळेवर मिळाला होता, पण भावोजींचा गुडघा ऐन वेळी धरला, असं अण्णांना सांग. माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

ता. क. २ : अण्णांनी काढलेलं चित्र सोबत पाठवतोय, न उघडता पाठव म्हणाले होते. (उघडलं.) गोल टेबल आहे, आम्ही पाच जण सारख्याच बटाट्यासारखे आलोय, पण सहाव्या खुर्चीवरची तू लगेच ओळखू येतेस. कपाळावर आठ्या आहेत.

ता. क. ३ : गुडघ्याचं रद्द. पाकिटाला गोंद लावताना चित्राचा कागद उलटा पडला. मागे अण्णांच्या अक्षरात लिहिलंय: "बाळ, याने तुला कळवलंच नसणार, हे मला त्याच्या तोंडावरूनच कळलं होतं. आता मी बोलावतोय, ये. त्याला सात टोपल्या पाव खायला लावलाय. आता सोडून दे त्याला."