मिठाच्या पाण्यातला रिमोट

नंदिनी,

तुझ्या गेमचा नवा रिमोट घेऊन मी कुरखेड्याले चालली. कुरिअरवाल्याच्या टेबलावरच आपटते. मोबाईलवर फोटो अस्सल कंपनीचा दाखवला अन् डब्यात नक्कल धाडली. बटन तूच तोडलं म्हणून काल मी तुले नाई नाई ते बोलली. तू जेवली नाई, तेही पाह्यलं. भात झाकून हाय, आज मुकाट्यानं जेव.

तुझ्या बापानं विचारलं तर सांग, मालच खोटा होता. धानाच्या बियाण्यासारखा मिठाच्या पाण्यात टाकून पाह्यला मी. फोल दाण्यावानी वर आला! मंग ताळा पाह्याले तुझा जुनाही टाकला. तो सीधा बुडाले गेला, म्हंजे अस्सल. उन्हात वाळत घातला हाय. रविवारची मॅच आता त्याच्यावरच खेळ.

आजी