कांदळांना पाजलेलं गोडं पाणी

जि. रत्नागिरी
१२ मार्च १९७३

प्रिय रेबेका,

तुला आणि बाबांना सलाम. मी खुशाल आहे. शाळेची खोली बरी आहे, मासळीलाही सरावलो.

इथल्या खाडीच्या चिखलात वाढणारी कांदळाची झाडं चुनाभट्ट्यांसाठी तोडली, तशी कोळंबी गेली. झाडं परत लावायला गावानं समिती काढली. अध्यक्ष एक वकील. त्यांच्या धोतराला जन्मात चिखल लागला नसेल. भाषण तासभर, रोपं चाळीस! कोळणींना कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. मला चिटणीस केलं, कारण काय तर अक्षर चांगलं.

मी तरी कुठला शहाणा! आपल्या कोरड्या मिरजगावचा माणूस; म्हटलं, आळी करा, पाणी घाला. सगळ्या शिकलेल्या माना डोलल्या. विहिरीचं वीस हंडे गोडं पाणी आम्ही चिखलात ओतलं. म्हातारी भागीरथी कोळीण हसून म्हणाली, "मास्तर, दर्यातल्या झाडाला पाणी पाजताय?" संध्याकाळी भरती आली आणि आळी, रोपं, समितीची पाटी, सगळं घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला कोळणी गुडघाभर चिखलात उतरल्या आणि कांदळाच्या शेंगा रोवून आल्या. त्या टिकल्यात. वकीलसाहेब आता त्या शेंगांपुढे उभे राहून पेपरासाठी फोटो काढून घेणार आहेत.

बाबा अजून दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात का? खोकला कसा आहे?

टँकर आठवड्यातून एकदा येतो, आपल्या वाट्याला दोन हंडे, असं तू लिहिलंस. मी हंडे ओतत होतो, तेव्हा ते पत्र माझ्या खिशातच होतं.

तुझा,
सत्यवान